उसना दिलेला पाय

मित्रांनो, जिच्यातले पाणी गार होत नाही तिला सुरई म्हणावे का, हे तुम्हीच ठरवा. मी तशीच एक जुनी सुरई आहे. माझे पोट गोल आहे, डोक्यावर धरायला कडी आहे, एका अंगाला पाणी भरायचे रुंद तोंड आणि दुसऱ्या अंगाला प्यायची बारीक तोटी आहे. आमच्या मोराल्बा गावात मला बोतिहो म्हणतात. सध्या मी एका बंद पडलेल्या कुंभारखोलीत खिडकीच्या फळीवर बसून असते. अंगावर निळ्या-पिवळ्या रंगाचे पोपडे आहेत. समोर एक चाक आहे, ते फिरत नाही. चाकाजवळच्या स्टुलावर सातूर एक पाय लांब करून बसतो. एके काळी या सातूरचे नाव दर रविवारी रेडिओवर यायचे.

माझी गोष्ट सांगायची म्हणजे त्याचीच सांगावी लागते. आम्ही दोघे एकाच घरचे. आणि आमची वाट लावली ती आमच्यावर जीव असणाऱ्यांनीच, म्हणून रागवायचे तरी कुणावर, हे मला अजून कळलेले नाही.

मला घडवले सातूरच्या वडिलांनी. त्यांचे नाव गुमेर, पण सारे गाव त्यांना गुमेरकाका म्हणे. काका तोंडाचे फटकळ आणि हाताचे हळुवार होते. माती मळताना ते तिच्यात मीठ घालत. मीठ घालून भाजलेल्या मातीला डोळ्यांना दिसणार नाहीत अशी बारीक भोके राहतात. त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्यावर सुकते, आणि त्या सुकण्यानेच आतले पाणी गार होते. आम्हा सुरयांचा सगळा गुण त्या पाझरण्यात असतो. आमचे पोट ओले असले की आम्ही धडधाकट आहोत असे समजावे.

आमच्याकडचे चाक पायाने फिरते. खाली एक जड लाकडी चकती असते, तिला उजव्या पायाने ढकलत राहायचे, की वरची चकती फिरते. काकांचा गुडघा लवकर धरू लागला होता. सातूरची आई तो लहान असतानाच गेली, घरात दुसरे कुणी नाही. म्हणून काकांनी पोराला शेजारी बसवले. हात बापाचे आणि पाय पोराचा, असे ते चाक चाले. सातूरचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड झाला तो त्यामुळेच.

मी चाकावर होते त्याच दिवशी लेआंद्रो आले. गावातले रंगाचे दुकान त्यांचे, आणि फुटबॉल क्लबचे अध्यक्षही तेच. गोल चेहऱ्याचे, हसरे, चारचौघांना हवेहवेसे वाटणारे गृहस्थ होते.

"गुमेरकाका, तुमचा पोरगा मला द्या," ते दारातूनच म्हणाले.

"द्यायला तो काय लोणच्याची बरणी आहे?" काका मान वर न करता म्हणाले. "आणि चाक कोण फिरवणार, तुम्ही? पोट आडवं येईल."

"अहो, फक्त रविवारी खेळायचं. तुम्ही त्याची लाथ बघितली नाहीत, काका. चेंडू जाळीत जात नाही, जाळी घेऊन जातो."

"लाथ चांगलीच असणार. कळायला लागल्यापासून या चाकाला मारतोय."

सातूरचा पाय थांबला. चाक मंदावले, आणि काकांच्या हातातले माझे ओले पोट एका बाजूला कलले. अजूनही मी थोडी वाकडीच उभी राहते.

"बघा," काका म्हणाले, "फुटबॉलचं नुसतं नाव काढलं तर सुरई वाकडी झाली." मग त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहिले. तिथे काय होते ते मलाही दिसत होते. काकांनी उसासा टाकला. "न्या. पण नीट ऐका, लेआंद्रो. हा पाय मी तुम्हाला उसना देतोय. फुटबॉल चार दिवसांचा. तो संपला की पाय मला परत पाहिजे, शाबूत. चाक याच्याच पायावर चालायचंय. हात मी त्याला मागाहून शिकवीन. हात शिकायला घाई नसते."

"शब्द दिला," लेआंद्रो म्हणाले आणि हात पुढे केला. काकांनी मातीने भरलेला हात तसाच त्यांच्या हातात दिला. लेआंद्रोंच्या पांढऱ्या बाहीला डाग पडला, तरी ते हसतच राहिले.

मी भाजून निघाल्यावर काकांनी मलाही क्लबात धाडले. "वाकडी आहे, बाजारात खपायची नाही," असे ते सगळ्यांना सांगत. पण माझी तोटी त्यांनी फार निगुतीने बसवली होती. पोरगा तिथे पाणी पिणार, हे त्यांच्या मनात होते.

क्लबात मी ब्रिखिदामावशींच्या ताब्यात गेले. मावशी खेळाडूंचे कपडे धूत, बूट पुसत, आणि अध्यक्षांपासून पंचापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करीत. नव्या सुरईला मातीचा वास असतो. तो जावा म्हणून त्यांनी माझ्यात पाण्याबरोबर थोडी बडीशेपेची दारू घातली आणि मला काही दिवस तशीच ठेवले. बाटलीतली उरलेली दारू मावशींनी स्वतःचा वास जावा म्हणून संपवली, असे खेळाडू म्हणत. माझ्या रुंद तोंडात माशी जाऊ नये म्हणून त्यांनी मला निळ्या-पिवळ्या दोऱ्याची टोपी विणली. निळा आणि पिवळा हे आमच्या क्लबचे रंग.

मैदानावर गवताचे पाते नव्हते. तांबडी माती आणि खडे. खेळाडू पडला की मावशींना गुडघ्यातले खडे वेचावे लागत. मध्यंतरात मी हातोहात फिरे. मला उंच धरायचे, मान मागे टाकायची, आणि तोटीतली धार ओठ न लावता घशात घ्यायची, ही रीत. एकदा शहरातून आलेल्या एका नव्या खेळाडूने तोटीला ओठ लावले.

"ए, मुका घेतोस का तिचा?" मावशी ओरडल्या. "आता लग्न करावं लागेल. तिचा बाप फार तिरसट आहे, आधीच सांगते."

सगळी खोली हसली आणि सातूर सगळ्यांत जास्त हसला.

सातूरची पाणी प्यायची एक सवय होती. तो आधी माझ्या पोटावर तळवा ठेवी. तळवा ओला झाला की चड्डीला पुसे, आणि मगच मला उचले. असे का, हे त्याने कुणाला सांगितले नाही. मला वाटे, घरची चौकशी करतो आहे. त्याच्या तळव्याची मी वाट पाहू लागले होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. माझे ते सुखाचे दिवस होते.

तो नऊ नंबरचा सदरा घाली. गोलकडे पाठ करून उभा राही. चेंडू आला की पायात घेई, अंगाभोवती गिरकी मारी आणि उजव्या पायाने हाणी. "कसं जमतं रे?" असे कुणी विचारले की म्हणे, "चाकाला मारतो तशीच मारतो. फक्त चाक परत येतं, चेंडू येत नाही." सारे गाव त्याला पाहायला येई. सूर्यफुलाच्या बिया सोलत, टरफले थुंकत लोक त्याच्या नावाने घसा बसवत. फक्त गुमेरकाका येत नसत. रविवारी भट्टी लावायची असते, ती सोडून कसे येणार, असे ते म्हणत. मावशी म्हणत, भट्टी कसली, पोराला कुणी पाडलेले त्यांना बघवणार नाही.

मग वरच्या गटात जाण्याचा सामना आला. उन्हाळा होता, मैदान तापले होते, बरोबरी काही फुटत नव्हती. शेवटी शेवटी सातूरने पाठीवर दोन माणसे असताना चेंडू घेतला आणि गिरकी मारली. जाळीचा खिळा उपटला गेला. लोक मैदानात घुसले. त्यांनी सातूरला खांद्यावर घेतले आणि मलाही. त्या संध्याकाळी माझ्यात पाणी नाही, वाइन भरली होती.

दुसऱ्या दिवशी लेआंद्रो म्हणाले, "पोराचा मान केला, तसा हिचाही केला पाहिजे. हिचंच पाणी पिऊन तो जिंकला."

ते मला स्वतः उचलून दुकानात घेऊन गेले. दुकानातले सगळ्यांत चांगले रोगण त्यांनी काढले. होड्यांना लावतात ते. समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर, गावात होडी कुणी पाहिलेली नाही, तरी त्यांनी ते मागवून ठेवले होते, कारण ते सर्वांत महाग होते. मला निळा रंग दिला, त्यावर पिवळे पट्टे, त्यावर सोनेरी अक्षरांत क्लबचे नाव, आणि त्या सगळ्यावर रोगणाचे हात. मित्रांनो, ते गाणे गुणगुणत होते. त्यांच्या मनात माझ्याविषयी प्रेमाखेरीज काही नव्हते. आणि माझे एकेक भोक बंद होत होते. मला तोंड होते, पण ते पाणी भरायचे.

चौकातल्या जेवणावळीत त्यांनी मला काकांपुढे ठेवले. "कशी दिसते, काका?"

काकांनी माझ्या पोटावर तळवा ठेवला. बापलेकांची सवय एकच होती, हे मला तेव्हा कळले. बराच वेळ त्यांनी तळवा उचलला नाही.

"कुणी केलं हे?"

"मी. स्वतःच्या हातांनी. होडीचं रोगण आहे, पाण्याचा थेंब बाहेर येणार नाही."

"तेच म्हणतोय. बाहेर येणार नाही. सुरई पाझरली नाही तर आत पाणी शिजतं."

"अहो, आता हिच्यात कोण पाणी भरतंय? आता हिला काम नाही, नुसता मान."

"पोराचाही असाच मान करणार आहात का?" काकांनी विचारले.

सगळे हसले. काका विनोदी बोलतात असा त्यांचा लौकिक होता. मग बाजा सुरू झाला आणि बोलणे तिथेच राहिले. मला क्लबच्या बारमध्ये काचेच्या कपाटात बसवले आणि कुलूप लावले.

त्याच उन्हाळ्यात सातूरला उत्तरेकडच्या एका मोठ्या शहराच्या क्लबने विकत घेतले. जाण्याआधी तो बारमध्ये आला. कपाटाला कुलूप होते. त्याने काचेवर तळवा ठेवला.

"काचेला घाम येत नाही, बाळा," मावशी म्हणाल्या. "जा, गाडी चुकेल."

नंतरची त्याची कीर्ती मी रेडिओवर ऐकली. बारमधले म्हातारे डोमिनोच्या सोंगट्या हातात धरून थांबत, आणि सातूरचे नाव आले की टेबलावर आपटत. पहिल्या वर्षी सोंगट्या पुष्कळ आपटल्या. देशातल्या मोठमोठ्या मैदानांवर त्याने गोल केले. लेआंद्रो सगळ्यांना वाइन पाजत आणि म्हणत, "मी शोधला त्याला, मी." मीही खूश होते. कपाटात धूळ येत नव्हती आणि लोक मला बोट दाखवून ओळख करून देत. एवढ्यावर खूश राहता येते, याचे मला आता आश्चर्य वाटते.

दुसऱ्या वर्षी एक दांडगा बचावपटू त्याच्या उजव्या गुडघ्यावर पडला. गुडघा उघडून आतले काहीतरी काढून टाकले, असे बारमध्ये बोलले गेले. थोड्याच दिवसांत रेडिओवर पुन्हा त्याचे नाव आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उन्हाळ्यात तो गावी आला. दुपारची वेळ होती, बार रिकामा होता. मावशी फरशी पुसत होत्या. तो माझ्या कपाटाखालच्या टेबलाशी बसला, आणि बसताना त्याने दोन्ही हातांनी टेबल धरले. मावशींचा हात थांबला.

"दुखतं का रे?"

"खेळताना नाही. सामन्याआधी सुई टोचतात, गुडघा झोपून जातो. रविवारी तो माझा नसतोच. सोमवारी सगळं एकदम दुखतं."

"मग सांग ना त्यांना, की बाबांनो, सोमवारी मी रडतो म्हणून."

"मावशी, नऊ नंबरच्या सदऱ्यामागे रांग असते. दुखतं म्हणणारा बाकावर बसतो."

"आणि गुमेरला काय सांगितलंस?"

"बाबांना नका सांगू." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "त्यांचा पाय आहे हा."

मी वरून ऐकत होते. माझी भोके रोगणाने बुजवली आणि त्याची सुईने. मला पाझरता येत नव्हते आणि त्याला दुखता येत नव्हते. आम्ही दोघे बाहेरून चकचकीत दिसत होतो. त्या दुपारपासून मला त्या कपाटाची घृणा वाटू लागली.

पुढे तो बाकावर बसू लागलाच. रेडिओवर त्याचे नाव कधीमधी येई, आणि मग येईनासे झाले. म्हातारे सोंगट्या खाली ठेवत, आणि मग कुणीतरी म्हणे, "सातूर खेळतोय का?"

"खेळतोय. पत्ते."

"बाक गुळगुळीत करायला बरा माणूस मिळाला त्यांना."

याच लोकांनी त्याला खांद्यावर घेतले होते. मोठ्या क्लबने त्याला लहान क्लबला दिले, लहान क्लबने आणखी लहान क्लबला. सगळीकडे सुई मात्र तीच होती. शेवटी एके दिवशी मावशी कपाटाची काच पुसता पुसता मला म्हणाल्या, "आला गं तुझा भाऊ. कायमचा."

बातम्या मला मावशींकडूनच कळत. त्यांना काच पुसताना बोलायची सवय होती. डॉक्टरने सातूरला स्वच्छ सांगितले होते, की चाला, जिना चढा, चाक फिरवा, सगळे करा, पण पळू नका. एकदा जरी जोरात गिरकी मारलीत तर हा गुडघा पुन्हा वाकणार नाही. आणि गुमेरकाका काय म्हणाले, तर म्हणाले, "पाय आला ना परत? थोडा झिजलाय. चालेल." त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला चाकावर बसवले. आता पायही त्याचा आणि हातही त्याचे. त्याचे पहिले भांडे पाहून काका म्हणाले, "कुत्र्याला पाणी ठेवायला बरं आहे, फक्त कुत्रा भित्रा नको." पण ते भांडे त्यांनी फेकले नाही. पुढच्या आठवड्यात सातूरने गोल पोट काढले. मावशी सांगत होत्या, गुमेर इतका खूश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. ऐकून मलाही फार बरे वाटले. निदान आम्हा दोघांतले एक तरी सुटले, असे वाटले.

पण त्या वर्षी मोराल्बाचा संघ घसरत गेला. शेवटचा सामना शेजारच्या ओंतोराशी. हरलो तर खालच्या गटात, आणि खालच्या गटात गेलेला क्लब कोण पोसणार? नऊ नंबरचा खेळाडू पोटऱ्या धरून घरी बसला होता. शनिवारी सकाळी लेआंद्रोंनी कपाटाचे कुलूप काढले, मला छातीशी धरले आणि गुमेरकाकांच्या घरची वाट धरली. इतक्या वर्षांनी मी माझ्या जन्मघरी आले ती अशी.

बापलेक चाकापाशी होते. लेआंद्रोंनी मला टेबलावर ठेवले आणि टोपी काढली.

"शेवटचा अर्धा तास, काका. फक्त अर्धा तास. पळायचं नाही, उभं राहायचं. चेंडू त्याच्या पायात येईल."

"पाय मी परत घेतलाय," काका म्हणाले. "शब्द होता तुमचा."

"आहे. अजून आहे. डॉक्टर सुई देईल, त्याला काही कळणारसुद्धा नाही."

"ही सुरई पण तशीच केलीत तुम्ही. हिलाही काही कळत नाही."

लेआंद्रो वरमले. ते जायला निघाले होते, हे मी खात्रीने सांगते. दारापाशी जाऊन ते वळले, आणि काही डाव म्हणून नव्हे, अगदी सहज मनातले बोलले. "काका, सगळ्या गावाने त्याला खेळताना पाहिलं. तुम्ही एकदाही नाही. आणि आता तो पुन्हा कधीच खेळणार नाही."

काकांनी मातीचे हात मांडीवर ठेवले.

"रविवारी भट्टी असायची," ते म्हणाले. त्यांनी सातूरकडे पाहिले. "खरंच जाळी घेऊन जातो का रे चेंडू?"

"कधी कधी," सातूर म्हणाला.

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा. पाय तुमचा आहे."

म्हातारा माणूस होता तो, मित्रांनो. जन्मभर भट्टीच्या धुरात बसून लोकांच्या आरोळ्या लांबून ऐकलेला. "एकदा बघू दे मला," काका म्हणाले. "एकदाच."

मला त्या क्षणी टेबलावरून खाली पडून फुटावेसे वाटले. फुटले असते तर अपशकुन म्हणून तरी ते थांबले असते. पण सुरईला कुणी ढकलल्याशिवाय पडता येत नाही.

रविवारी काका धुतलेला सदरा घालून मैदानावर आले. लोकांनी त्यांना वाट करून दिली, संघाच्या बाकाशेजारी खुर्ची दिली, आणि मला त्यांच्या मांडीवर. माझ्यात मावशींनी पाणी भरले होते. काकांना खेळातले काही कळत नव्हते. चेंडू बाहेर गेला तरी ते मान उंच करून बघत.

शेवटच्या अर्ध्या तासात सातूर मैदानात उतरला. गाव उभे राहिले. पहिला चेंडू आला, त्याने पाठीवर माणूस घेऊन तो पायात धरला आणि अलगद दुसऱ्याला दिला. काका खुर्चीवरून उठले. "बघितलंस?" ते मलाच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. तेवढे सुख त्यांना मिळाले, ते मी नाकारत नाही.

दुसऱ्या चेंडूवर त्याने गिरकी मारली. पाय मातीत रुतून राहिला आणि बाकीचा सातूर वळला. तो पडला. कट असा आवाज बाकापर्यंत आला.

त्या क्षणी त्याला दुखले असते तर तो पडून राहिला असता. लोकांनी उचलून नेले असते, आणि कदाचित काहीतरी उरले असते. पण सुईने आपले काम चोख केले होते. त्याला काहीच कळले नाही. तो उठला, चड्डी झटकली आणि चेंडूमागे पळू लागला. पळताना गुडघा आत-बाहेर जात होता. सगळ्या मैदानाला तो दिसत होता, एकट्या त्यालाच जाणवत नव्हता.

"सातूर, खाली बस," काका ओरडले. "बाळा, बस खाली. बस."

मागे कुणीतरी हसले. "काका, हे मैदान आहे, बसायला चर्च नाही."

सातूरने पुन्हा चेंडूला पाय घातला आणि तो पाय त्याच्याखाली भलतीकडेच दुमडला. चेंडू ओंतोराच्या खेळाडूने नेला, आणि ज्या गोलने आम्ही खाली गेलो तो गोल तिथून झाला. मग शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्याकडे शिट्टी कौतुकाने वाजवत नाहीत. "लंगड्या, घरी जा," असेही कुणी ओरडले. मोराल्बाच्याच माणसाचा आवाज होता तो.

त्याला बाकापाशी आणले. मावशींनी मला काकांच्या मांडीवरून घेऊन त्याच्यापुढे धरले. त्याने सवयीने माझ्या पोटावर तळवा ठेवला. पोट उन्हाने तापले होते, कोरडे ठणठणीत. त्याने तळवा तसाच उचलला. मग तो प्यायला. पाणी कोमट होते.

तो गुडघा पुन्हा वाकला नाही. काठीसारखा ताठ राहिला. लेआंद्रो कितीदा तरी दारापर्यंत येऊन परत गेले. काकांनी त्यांना कधी बोल लावला नाही. "उसना दिला होता मी," ते मावशींना म्हणाले, "आणि मोडला पण मीच. तिसऱ्या कुणाचं नाव घेऊ नकोस." मग ते स्वतः चाकापाशी बसले आणि स्वतःच्या धरलेल्या गुडघ्याने चकती ढकलू लागले. पाय बापाचा आणि हात पोराचे, असे ते चाक चालू लागले. चार फेऱ्या झाल्या की त्यांना खोकला येई. सातूर म्हणे, "बाबा, राहू द्या." ते म्हणत, "तू हाताकडे बघ." गोल पोट त्याला आले, तोंड आले, कडी आली. तोटी शिकायची राहिली होती. हिवाळ्यात काका गेले.

क्लबने बार बंद केला तेव्हा कपाटही विकायला काढले. मावशींनी मला चोरून नव्हे, सगळ्यांसमोर पोटाशी धरून उचलले आणि इथे आणून सोडले. त्यांनी सातूरला सुचवूनही पाहिले, की विजेच्या मोटारीवर फिरणारी चाके मिळतात म्हणे, तसले एक घे.

"फिरवून काय करू, मावशी?" तो म्हणाला. "तोटी कोण लावणार?"

माझ्याशेजारी फळीवर त्याने केलेल्या सुरया आहेत. एकीलाही तोटी नाही. त्या पाझरू शकतात, पण त्यांतून कुणाला पिता येत नाही. माझ्यातून पिता येते, पण मी पाझरत नाही. आम्ही एकमेकींकडे फारसे बघत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी मागायचे असते. मला आता स्वतःसाठी काही मागण्यासारखे उरलेले नाही. तुमच्या घरात एखादी कामाची वस्तू असेल, एखादे कामाचे माणूस असेल, तर त्याचे कौतुक जरूर करा, पण कौतुकाच्या भरात त्याचे पाझरणे बंद करू नका. ज्याला दुखते आहे त्याला दुखते म्हणू द्या. त्याने तसे म्हटले की त्याला बसू द्या. आणि आपल्याला एकदा बघायचे आहे, एवढ्यासाठी कुणाला उभे करू नका.

सातूरने घासकागद आणून माझे रोगण खरवडले. वरचे निघाले, आतले निघाले नाही. होडीचे रोगण ते, फार आत मुरले आहे. तरी तो रोज मला पाणी भरून वाऱ्यावर ठेवतो. सकाळी काठी टेकत येतो आणि माझ्या पोटावर तळवा ठेवतो. मी माझ्याकडून सगळा जोर लावते. तळवा कोरडाच निघतो. तो थोडा वेळ त्याच्याकडे बघतो, आणि मग ओला झाल्यासारखा विजारीला पुसतो.